अप्पांची काझीपेठची

अप्पांनी जन्मात नवी वस्तू विकत घेतली नाही. घड्याळ जुनं, जीप जुनी, ऑफिसातलं टेबल बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेतलं. चष्म्याची फ्रेमसुद्धा नांदेडच्या बाजारातून आणलेली, दुसऱ्या कोणाच्या तरी नाकावर वापरून झालेली. काचा तेवढ्या स्वतःच्या. पैसा नव्हता म्हणून नव्हे. उदगीरला त्यांची दुकानं होती, मुदखेडच्या बाजूला सरकीच्या तेलाची गिरणी होती, खताची गोदामं होती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "नव्याला अजून कुणी शिव्या दिलेल्या नसतात. त्याची खोड काय हाय ते आपल्याला कळावं कसं?"

आणि त्यांची स्वतःची रेल्वे होती. हे मी सांगितलं की इथं लातुरात लेकीच्या गल्लीतल्या बाया हसतात. म्हातारीला भ्रम झाला म्हणतात. हसू देत.

रेल्वे फार मोठी नव्हती. जंक्शनपासून गिरणीपर्यंत एकच लाईन, निजामाच्या काळात जिनिंगवाल्यांनी टाकलेली. माणूस तासाभरात तिच्यावरून चालत जाईल एवढी. मोठ्या रेल्वेची मालगाडी जंक्शनात आमचे डबे सोडून जायची आणि अप्पांचं इंजिन जाऊन ते ओढून आणायचं. खत यायचं, पेंड आणि सोयाबीन जायचं. मधे डांबरी सडक आडवी होती. त्या सडकेवरच्या फाटकात माझं आयुष्य गेलं.

आधी फाटकावर माझा नवरा होता. त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. दिवस झाल्यावर अप्पा फाटकावर आले. बसले नाहीत. म्हणाले, "फाटक लावता येतं का तुला?"

"येतं."

"मग लाव. गाडी यायला झाली."

दुखवट्याला एवढंच बोलले. पण मला घर राहिलं आणि पगार राहिला. गावातले बाकीचे लोक माझ्यापाशी बसून रडून गेले, त्यांच्याकडून तेवढंही झालं नाही.

माझ्या नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. माझं माहेर हदगाव. आमच्याकडं सुनांना माहेरच्या गावावरून ओळखतात, तशी मी त्यांची हदगावची. इंजिनांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. पहिलं डिझेल इंजिन गुत्तीच्या शेडमधून आणलं, ती गुत्तीची. दुसरं काझीपेठहून आणलं, ती काझीपेठची. दोन्ही मोठ्या रेल्वेनं वापरून बाजूला काढलेली, माझ्या वयाच्या आसपासची. "गुत्तीची आज उठायला तयार न्हाई," असं अप्पा चहाच्या टपरीवर मोठ्यानं बोलायचे आणि नवखा माणूस त्यांच्या घरच्या सुनेची कीव करायचा.

अप्पा उंच, वाळलेले, धोतरातले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात काठी. रुळावरून चालताना ते काठीनं रूळ ठोकत यायचे, त्यामुळं दिसायच्या आधी ऐकू यायचे. चांगलं बोलणं त्यांच्या जिभेला जमत नसे. भाकरी-भाजी आवडली की म्हणायचे, "मीठ विसरली न्हाईस आज." ते सर्टिफिकेट समजायचं.

त्यांचं घर मूळचं जनावरांच्या बाजारातलं. आजा, बाप देवणी बैलांचे व्यापारी. अप्पांनी तेल-पेंडीचा धंदा केला, पण डोकं बाजारातच राहिलं. इंजिनाकडं ते बैलाच्या नजरेनंच बघायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून खांदा सोलतो, त्याला लोणी-हळद चोळतात. अप्पा लोण्याची वाटी घेऊन इंजिनापुढं उभे राहायचे आणि डबे जोडायच्या त्या जाड आकड्याला स्वतःच्या हातानं लोणी-हळद चोळायचे. ड्रायव्हर मामू शेजारी हात बांधून उभा. मामू मोठ्या रेल्वेतून रिटायर होऊन आमच्याकडं आलेला, जंक्शनाजवळच राहणारा.

"अप्पा, ग्रीस लगा देते ना. काम का तो होता."

"ग्रीस रोजचं हाय. आज लोणी."

मग हात जोडून इंजिनाला निमंत्रण द्यायचे, बैलाला देतात तसंच. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी इंजिन धुवायचं, ताडपत्रीची झूल घालायची, वर बाशिंग बांधायचं आणि बफरवर पुरणपोळी ठेवायची. ती पोळी मामू खायचा. "इंजन का पेट मेरेपासच है," म्हणायचा.

एका पोळ्याला जंक्शनातून फोन आला की तुमचे डबे लागलेत, घेऊन जा. अप्पा माझ्या फाटकावरच्या फोनवर बोलले. जंक्शनवाला इतका ओरडत होता की मला बाहेर ऐकू येत होतं.

"आज पोळा हाय," अप्पा म्हणाले. "आज जुंपत न्हाईत."

"अहो, डिझेल इंजिन आहे ते!"

"मग? डिझेल पिलं म्हणून खांदा दुखत न्हाई का?"

दंड भरला. डबे दिवसभर तिथंच उभे राहिले. वर्षातून तेवढ्या एका दिवशी मी फाटक उघडं टाकून दारात पाय पसरून बसायची. नंतर मला पुष्कळ रिकामे दिवस मिळाले, पण पाय पसरावेसे वाटले नाहीत.

गुत्तीची थकली तेव्हा अप्पा दुसरं इंजिन बघायला निघाले. मला म्हणाले, "चल."

"मी कशाला?"

"बैल घेताना आणि सून करताना बाईमाणसाची नजर पाहिजे."

"मला इंजिनातलं काय कळतं?"

"मला तरी कुठं कळतं? कळायला मामू हाय. तू बघायला चल."

अशी मी जन्मात पहिल्यांदा काझीपेठला गेले. मोठं शेड, मागच्या बाजूला गवतात सेवेतून काढलेली इंजिनं एकामागं एक उभी. साहेब भला माणूस होता. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. पहिलं इंजिन नवीन रंग दिलेलं, चकचकीत. अप्पा त्याच्यापाशी थांबलेच नाहीत. "शिंगं रंगवलेला बैल," म्हणाले. दुसरं मामूला फार आवडलं. तो आत शिरला, खाली वाकला, वर चढला आणि काळे हात घेऊन आनंदात बाहेर आला. "अप्पा, हीच घ्या. आँख मूँदके घ्या."

अप्पांनी तिला समोरून बघितलं. कपाळावर पत्रा फाटल्याच्या जागी गोल ठिगळ जोडलेलं होतं आणि ते घासून घासून त्याच्यावर गोल रेघा पडलेल्या.

"भोवरा हाय."

"अप्पा, वेल्डिंग हाय ते."

"कपाळावर मधोमध भोवरा. असला बैल घरधन्याला खातो."

मामूनं स्वतःच्या कपाळावर हात मारला, तो काळाच होता, कपाळ काळं झालं. साहेबानं मला विचारलं की काय झालं. मी म्हणाले, "पसंत नाही पडली." दुसरं काय सांगणार?

तिसरी एका कोपऱ्यात होती. खिडकीत पारव्यांचं घरटं, रंग उडालेला. अप्पा तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "हिला चालू करा. आणि थंडीच चालू करा. आधी तापवून आणून दाखवू नका." माणसं लागली, बॅटऱ्या आणल्या, बराच खटाटोप झाला. ती खोकली, काळा धूर टाकला, बंद पडली. पुन्हा खोकली. मग एकदम तिनं सूर धरला आणि पायाखालची जमीन हलायला लागली. पारवे उडाले. अप्पांनी तिच्या कुशीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले.

"काय म्हणतीस?" त्यांनी मला विचारलं.

"खोकते."

"खोकते ते दिसूनच राहिलं. पहिल्याच दिवशी खोड दाखवते ती फसवत न्हाई."

ती काझीपेठची. तिला आणल्यावर गुत्तीचीचे चांगले भाग काढून हिला घातले आणि गुत्तीचीचं धड गिरणीच्या मागच्या रुळावर उभं केलं. तिच्याभोवती वेडी बाभूळ वाढली. अप्पा सकाळी जाऊन तिच्या सावलीत बसायचे. जीर्ण बैलाला कोणी दारात बांधून ठेवावं, तसं.

काझीपेठचीनं आम्हाला बरीच वर्षं दिली. तिला दोन भोंगे होते, त्यातला एक चिरलेला. लांब भोंगा दिला की शेवटी तो फाटायचा. मी चुलीपुढं असले तरी तो ऐकून उठायची, फाटक लावायची, हिरवी झेंडी धरून उभी राहायची. सडकेवर ट्रकवाले शिव्या द्यायचे. ती समोरून जायची तेव्हा अंगावर गरम वारा यायचा, डिझेलचा वास यायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. मामू खिडकीतून ओरडायचा, "भाकर जल गई क्या?" रोज तेच विचारायचा. मला त्याचा राग यायचा. आता इथं लेकीकडं गॅसवर भाकरी होते, करपत नाही. घरासमोर क्लास आहे, पोरांच्या मोटारसायकली वाजतात, रात्रंदिवस आवाज आहे. तरी कान रिकामे राहतात. हे मी लेकीला सांगितलं नाही. ती कानाच्या डॉक्टरकडं नेईल.

मग मोठ्या लाईनीवर तारा आल्या. विजेची इंजिनं आली. जंक्शनातून निरोप आला की आता अख्ख्या गाडीचा माल असेल तरच बोला, दहा-पाच डबे आम्ही सोडत बसणार नाही. आमचा माल ट्रकनं जायला लागला. अप्पांचा थोरला मुलगा लातूरला राहायचा, बाहेरगावच्या पोरांसाठी त्याची होस्टेलं होती. हुशार माणूस, बोलायला गोड. त्यानं हिशेब मांडून दाखवला की गिरणी, लाईन, सगळं बंद करून प्लॉट पाडावेत. त्यात खोटं काही नव्हतं. अप्पासुद्धा त्याला खोटं म्हणाले नाहीत.

पण एका लग्नाला अप्पा उदगीरला गेले होते तेव्हा त्यानं भंगारवाले आणले. त्यांनी गॅसच्या ज्योतीनं गुत्तीचीचे तुकडे केले. मी लांबून बघितलं. आधी बाभूळ पेटली, मग जुना रंग जळायला लागला, त्याचा वास गावापर्यंत गेला. ट्रक फाटकातूनच गेले. मीच फाटक उघडलं. उघडणं माझं काम होतं.

अप्पा परत आले, मागच्या रुळावर गेले. जमीन काळी पडलेली होती. ते तिथं काठी टेकून उभे राहिले. मुलगा मागं उभा.

"आमच्यात जाळत न्हाईत," अप्पा म्हणाले.

"अप्पा, लोखंड आहे ते."

"आपल्यात माणूस गेला तर बसवून पुरतात. जाळत न्हाईत. हे तुला सांगावं लागून राहिलं."

त्या दिवसापासून अप्पा काझीपेठचीजवळच झोपायला लागले. गिरणीच्या ओट्यावर खाट टाकली. मुलाला त्यांनी एवढंच सांगितलं, "लाईन घे, जमीन घे, प्लॉट पाड. हिला मी देणार. जिथं काम असंल तिथं देणार. खाटकाला देणार न्हाई."

जन्मभर घेणारा माणूस विकायला बसला. पुष्कळ लोक आले. बहुतेक भंगारवालेच, पण सांगायचे की आमची लाईन आहे. अप्पा त्यांना विचारायचे, तुमच्या लाईनीवर चढ कुठं हाय? ते गडबडले की अप्पा उठून जायचे.

शेवटी तेलंगणातून एक शेठ आला. पांढरा शर्ट, पांढरी चप्पल. त्याच्या फरशीच्या खाणी होत्या आणि खाणीपासून मोठ्या लाईनीपर्यंत स्वतःची छोटी लाईन होती, असं तो म्हणाला. बोलणी माझ्या फाटकापाशीच झाली. चहा मी केला.

"चढ हाय का?" अप्पांनी विचारलं.

"एक है, अप्पाजी. खाण के पास. भारी नै."

"सावली?"

"शेड डालते ना."

"ड्रायव्हर कोण? पितो का?"

शेठ जरा थांबला. "थोडा."

"थोडा म्हणजे?"

"इतवार को."

"मग इतवारी हिला जुंपायची न्हाई."

शेठ हसला, अप्पा हसले नाहीत. मग अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं धरून. शेठला काही उमजेना. तो त्या टॉवेलाकडं बघत बसला.

"अप्पाजी, मुँह से बोलो ना."

"तोंडानं भाव करत नसतात. जनावर ऐकत असतं."

मामूनं शेठचा हात धरून टॉवेलाखाली घातला आणि कोणतं बोट म्हणजे काय ते त्याच्या कानात सांगितलं. भाव ठरला. मग अप्पांनी कनवटीची पुडी सोडून शेठच्या तळहातावर विभूती ठेवली आणि म्हणाले, "बोल, कापणार न्हाई."

"नै काटता," शेठ म्हणाला. लगेच म्हणाला. मला ते आवडलं नाही. खरं बोलणारा माणूस थोडा वेळ घेतो.

न्यायचा दिवस आला. काझीपेठची स्वतः चालत जाणार नव्हती, मोठ्या रेल्वेची मालगाडी तिला मागं बांधून नेणार होती. मामूनं तिला जंक्शनापर्यंत नेलं. फाटकातून शेवटची गेली तेव्हा भोंगा दिला, शेवटी फाटला. मी झेंडी धरून उभी होते. अप्पा इंजिनातच होते, मामूच्या मागं. मी नंतर सायकलरिक्षानं जंक्शनात गेले.

इंजिनात एक दांडी असते, पुढं जायचं की मागं ते ठरवणारी. ती काढून खिशात घालता येते. ती नसली की इंजिन नुसतं धडधडतं, जागचं हलत नाही. तिला मालगाडीमागं बांधून झाल्यावर अप्पा उतरले तेव्हा ती दांडी त्यांच्या हातात होती. टॉवेलात गुंडाळलेली.

"अप्पा, हँडल तर देना पडता ना," मामू म्हणाला.

"बैल विकताना दावं देत असतात का? जनावर जातं, दावं घरात राहतं. दावं गेलं की गोठा बसतो."

हे खरं आहे. आमचा बापही बैल विकला की दावं सोडून घरी आणायचा, घेणारा आपलं दावं घेऊन यायचा. न्यायला आलेल्या शेठच्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं कागद घेतले, गाडी सुटली, ती मान मागं करून गेल्यासारखी गेली.

"अब वो चलाएँगे कैसे?" मामूनं विचारलं.

"फोन करतील. दांडी मागतील. मग कळंल, हिला जुंपली म्हणून." अप्पा टॉवेल छातीशी धरून उभे होते. "कापणाऱ्याला दांडी कशाला लागती?"

हे त्यांनी आधीच ठरवलं होतं की तिथंच सुचलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग फोनची वाट बघणं सुरू झालं. लाईन उखडायला माणसं आली, रूळ गेले, माझं फाटक काढून भिंतीला टेकवलं. मुलानं मला मात्र घर सोड म्हटलं नाही, प्लॉट विकले जाईपर्यंत राहा म्हणाला. अप्पा सकाळी येऊन माझ्या ओट्यावर बसायचे, फोन मांडीवर. मधेच म्हणायचे, "हदगावचे, मला फोन लाव."

मी समोर बसून लावायची. वाजायचा.

"चालू हाय," म्हणायचे, आणि पुन्हा मांडीवर ठेवायचे.

"तुम्हीच शेठला लावा की," मी म्हणाले.

"काय विचारू? कापली तर न्हाई ना? कापली असंल तर खरं सांगंल का तो?"

एक दिवस मामू म्हणाला, "अप्पा, दिल पे मत लो. हँडल दूसरा मिलता है. कोई भी बैठता है उसमें."

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. "कोणचीबी बसती?"

"हाव."

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. फोन न येण्याचा अर्थ आता दोन्हीकडं लागत होता. चालत असेल तरी फोन येणार नव्हता, कापली असेल तरी येणार नव्हता. ते बारीक व्हायला लागले. जेवताना घास हातात धरून बसायचे. थोरला मुलगा आला, दवाखान्यात नेतो म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "दवाखान्यात नको. तेलंगणात न्या." तो म्हणाला, "मावशी, तुम्ही पण?" मग मामूनं जीप काढली आणि आम्ही तिघं निघालो.

अप्पांनी दांडी सोबत घेतली. टॉवेल उघडून पुसली, पुन्हा गुंडाळली. दावं देत नसतात म्हणणारा माणूस ते द्यायला निघाला होता. पाण्याचा कॅनही त्यांनी भरून घ्यायला लावला.

"तिथं पाणी मिळतं, अप्पा," मामू म्हणाला.

"लेकीच्या घरचं पाणी पीत नसतात."

"पहले बोलते थे सून है. आता लेक कशी झाली? एक काहीतरी ठरवा."

"आणली तवा सून होती. दिली तवा लेक झाली. तुला चार पोरी हायेत, तुला समजायला पाहिजे."

देगलूर गेलं, बिदर गेलं. मराठी पाट्या गेल्या, कानडी आल्या, मग तेलुगू आल्या. खाणीचा मुलूख लागला. रस्त्याच्या कडेला फरशांच्या थप्प्या, झाडांवर पांढरी धूळ. विचारत विचारत आम्ही त्या लाईनीपाशी पोचलो. लाईन तरी खरी होती, शेठ तेवढं खरं बोलला होता. पण रुळांवर काही दिसत नव्हतं. शेड दिसलं, तेही रिकामं. अप्पा जीपमधून उतरले आणि सडक लाईनीला मिळते तिथं जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागं. कोणाला विचारावं असं आम्हा तिघांतल्या कोणालाच वाटेना.

तेवढ्यात फाटकवाल्यानं फाटक लावलं. तरणा माणूस होता, दोरी ओढून त्यानं आडवा बांबू आमच्यापुढं खाली आणला. मी जन्मभर फाटक लावलं, पण लावलेल्या फाटकाच्या बाहेर मी कधी उभी राहिले नव्हते. मागं ट्रक हॉर्न द्यायला लागले.

मग भोंगा आला. लांब आला, आणि शेवटी फाटला.

"वही है," मामू म्हणाला.

ती वळणावरून आली. अंगावर पिवळा रंग, आमचा हिरवा कुठंच नव्हता. कपाळावर तेलुगू अक्षरं. मागं फरशीनं भरलेले डबे, आमच्या वेळी ओढायची त्याहून जास्त. चढ चढून आली होती आणि दमलेली नव्हती. खिडकीत एक पोरसवदा ड्रायव्हर, त्याचा हात दांडीवर. दांडी कुठलीतरी दुसरी, बसलेली.

अप्पा बांबूखालून वाकून पुढं गेले आणि हात पुढं केला. बैल जवळून जाताना पाठीवरून हात फिरवतात तसा.

"ओ पेद्दायना, वेनक्की, वेनक्की," फाटकवाला ओरडला आणि त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. बरोबरच केलं. मीही तेच केलं असतं. ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. अंगावर गरम वारा आला, वास आला, मग डबे जात राहिले. अप्पा तसाच हात धरून उभे. शेवटचा डबा गेला, बांबू वर झाला, ट्रक आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले.

"अंदर चलना क्या?" मामूनं विचारलं. "हँडल देके आते."

"कशाला?" अप्पा म्हणाले. "चालती हाय की."

आम्ही जीप वळवली. अप्पांनी टॉवेलातली दांडी मागं टाकली, टॉवेल खांद्यावर घेतला आणि पुढं मामूशेजारी बसले. बिदर मागं पडलं. मग ते मान न वळवता म्हणाले, "हदगावचे, आवाज बदलला का गं तिचा?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "बदलला," मी म्हणाले. "भोंगा तोच, पण इंजिनाचा आवाज मोकळा झालाय. आपल्याकडं एवढी चांगली चालत नव्हती."

अप्पांनी समोरची काच टॉवेलानं पुसली. "चांगल्या घरी पडली," म्हणाले.

"हाव, अप्पा," मामू म्हणाला.

त्यांनी खिशातून फोन काढला, बटण दाबून बंद केला आणि पुन्हा खिशात ठेवला. रस्ता पुढं खराब होता. दांडी माझ्या पायाशी पत्र्यावर पडलेली, खड्डा आला की खणखणायची. मुदखेड येईपर्यंत ती तशीच वाजत होती, आणि आम्हा तिघांपैकी कोणी ती उचलून ठेवली नाही.